समोरासमोरचा बिटकॉइन भरणा

दुकानदार आणि गिऱ्हाईक गल्ल्याच्या दोन बाजूंना उभे असताना बिटकॉइनमध्ये पैसे देण्याघेण्याची पद्धत. दुकानदाराचा पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ) आणि रक्कम क्यूआर कोड, एनएफसी (फोन टेकवून मजकूर देण्याची सोय) किंवा ब्लूटूथने गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये येते. फोनमधले वॉलेट व्यवहारावर डिजिटल स्वाक्षरी करते आणि तो बिटकॉइनच्या जाळ्यात सोडते.

ऐकायला हे यूपीआयसारखेच वाटते. पण यूपीआयमध्ये दोन्हीकडे बँका असतात, मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था असते आणि पैसे आल्याचे गल्ल्यावरचा स्पीकर मोठ्याने सांगतो. बिटकॉइनमध्ये असा तिसरा कोणी नाही. त्यामुळे रक्कम पाठवणे हा भाग सोपा आहे. ती पोचली असे दुकानदाराने कशावरून मानायचे, हा खरा पेच आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक रचना त्याच प्रश्नाभोवती फिरतात.

क्यूआर कोड जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. बिटकॉइनसाठी त्यात काय लिहायचे, याचा संकेत २०१२ च्या बीआयपी २१ या प्रस्तावाने घालून दिला: सुरुवातीला ‘बिटकॉइन’ आणि अपूर्णविराम, मग पत्ता, प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे रक्कम, नाव वगैरे तपशील. यूपीआयच्या कोडमधला मजकूरही साधारण याच घडणीचा असतो.

मजकूर जितका लांब तितकी कोडमधली घरे बारीक होतात आणि जुन्या फोनचा कॅमेरा चाचपडू लागतो. सर्वांत लहान क्यूआर कोड २१ × २१ घरांचा असतो, सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा. बिटकॉइनच्या जुन्या पत्त्यांत लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे मिसळलेली असत, म्हणून प्रत्येक अक्षराला आठ बिट लागत. २०१७ मध्ये पीटर वुइले आणि ग्रेग मॅक्सवेल यांनी मांडलेल्या बेक३२ या नव्या लिपीत पत्ता सगळा लहान किंवा सगळा मोठ्या अक्षरांत लिहिता येतो. मोठ्या अक्षरांत लिहिला की क्यूआरची ४५ चिन्हांची आटोपशीर पद्धत वापरता येते आणि अक्षरामागे साडेपाच बिटांत काम भागते. गंमत अशी की बीआयपी २१ मधली प्रश्नचिन्ह आणि बरोबरची (=) खूण या ४५ चिन्हांत नाहीत. त्यामुळे चांगले वॉलेट एकाच कोडात दोन पद्धती जोडते: पत्ता आटोपशीर पद्धतीने, उरलेला मजकूर नेहमीच्या. खराब झालेला भाग भरून काढण्याची क्यूआरची क्षमता साधारण ७ ते ३० टक्क्यांपर्यंत निवडता येते. स्क्रीनवरच्या कोडाला तेलाचे डाग पडत नाहीत, त्याला खालची पातळी पुरते. टपरीवर चिकटवायच्या कोडाला वरची हवी.

मात्र बिटकॉइनचा पत्ता स्टिकरवर छापून भिंतीला लावणे ही वाईट कल्पना आहे. सगळे व्यवहार सार्वजनिक वहीत नोंदले जातात, म्हणून तो कोड एकदा टिपणाऱ्या कोणालाही त्या पत्त्यावरची सारी आवक घरबसल्या पाहता येते. दुकानाची रोजची उलाढाल शेजारच्या स्पर्धकाला फुकटात कळते. शिवाय वरून दुसऱ्याच कोडाची पट्टी चिकटवण्याची भामटेगिरी इथेही चालते, आणि इथे गेलेले पैसे परत मागायला बँक नसते. म्हणून दर बिलाला नवा पत्ता काढून तो स्क्रीनवर दाखवणे हीच रूढ शिफारस आहे. भाव सतत हलत असल्याने रुपये किंवा डॉलरमधली रक्कम त्या क्षणीच सातोशीत (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी) बदलावी लागते. त्यासाठीही छापील कोड कुचकामी ठरतो.

क्यूआर हा एकेरी रस्ता आहे. स्क्रीनकडून कॅमेऱ्याकडे माहिती जाते, उलटी येत नाही. ही उणीव भरण्यासाठी गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न यांनी २०१३ मध्ये बीआयपी ७० मांडला. त्यात दुकानदार स्वाक्षरी केलेली मागणी पाठवतो, गिऱ्हाईक स्वाक्षरी केलेला व्यवहार थेट दुकानदाराच्या हाती देतो आणि दुकानदार पोच देतो. कल्पना व्यवहारी होती, पण संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची गुंतागुंत तिच्या गळ्यात पडली. २०२० मधल्या ०.२० आवृत्तीत बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने तिचा आधार काढून टाकला.

ब्लूटूथचा सर्वांत चांगला उपयोग याच विचारातून झाला. आंद्रेआस शिल्डबाख यांच्या अँड्रॉइडवरच्या बिटकॉइन वॉलेटमध्ये क्यूआरमधल्या मजकुरातच दुकानदाराच्या फोनचा ब्लूटूथ पत्ता दिलेला असे. गिऱ्हाइकाकडे इंटरनेट नसले तरी त्याचा फोन स्वाक्षरी केलेला व्यवहार ब्लूटूथने दुकानदाराला देई, आणि दुकानदाराचा फोन तो जाळ्यात सोडी. परदेशात रोमिंग बंद करून फिरणाऱ्या प्रवाशाला याचा फायदा उघड आहे. पुढे २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲपना फोनचा स्वतःचा ब्लूटूथ पत्ता विचारला की ठरलेला खोटा आकडा मिळू लागला. खासगीपणाच्या दृष्टीने हा बदल योग्य होता, पण या सोयीच्या मुळावर आला.

एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि जेमतेम काही सेंटिमीटर पोचते. तेवढ्याने गर्दीत चुकीच्या फोनशी जोडणी होण्याची भीती बरीच कमी होते. सुरुवातीला दोन अँड्रॉइड फोन पाठीला पाठ लावून मजकूर देण्याची अँड्रॉइड बीम ही सोय वापरली गेली. अँड्रॉइड १० मध्ये गूगलने ती कालबाह्य ठरवली. स्वस्त एनएफसी टॅग गल्ल्यावर चिकटवता येतो, पण तो कुलूपबंद केला नाही तर कोणीही फोन टेकवून त्यातला पत्ता बदलू शकतो. क्यूआरवरची खोटी पट्टी निदान नखाने उचकटून पाहता येते. बदललेला टॅग बाहेरून तसाच दिसतो.

आता ‘पोचले का’ या प्रश्नाकडे. व्यवहार पक्का होतो तो सार्वजनिक वहीच्या नव्या पानात, म्हणजे ब्लॉकमध्ये, नोंदला गेल्यावर. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, आणि कॉफीसाठी कोणी तेवढा वेळ उभे राहत नाही. म्हणून छोट्या रकमांसाठी व्यवहार जाळ्यात दिसला की माल द्यायचा, असा प्रघात पडला. पण त्याच पैशांचा दुसरा, जास्त शुल्काचा व्यवहार सोडून पहिला रद्द पाडता येतो. २०२४ च्या २८.० आवृत्तीपासून बिटकॉइन कोअर अशी बदली आपसूक स्वीकारते, मग मूळ व्यवहारावर ‘हा बदलता येईल’ अशी खूण नसली तरी. त्यामुळे नुसते दिसण्यावर विसंबणे आज धोक्याचे आहे.

यावरचा उतारा म्हणजे लाइटनिंग जाळे: बिटकॉइनच्या वर बांधलेले, ब्लॉकची वाट न पाहता पैसे पोचवणारे दुसरे जाळे. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१६ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. दुकानदाराचे वॉलेट एक गुप्त आकडा काढते आणि त्याची हॅश (आकड्याचा ठसा, ज्यावरून मूळ आकडा काढता येत नाही) बिलात घालते. पैसे मिळवायचे तर दुकानदाराला तो आकडा उघड करावा लागतो, आणि तोच गिऱ्हाइकाच्या हाती पावती म्हणून राहतो. बहुतेक वेळा हे सारे काही सेकंदांत उरकते. म्हणजे क्यूआरची एकेरी वाट दुहेरी होते, फक्त परतीचा रस्ता लाइटनिंगमधून जातो. त्याचे बिल मात्र लांबलचक, बऱ्याचदा दोनशेहून अधिक अक्षरांचे असते. दुसरे काही सांगितले नसेल तर ते तासाभराने शिळे होते आणि एकदाच वापरता येते. पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या स्टिकरसाठी एलएनयूआरएल आणि नंतर बोल्ट १२ या रचना आल्या.

बोल्ट कार्ड हा प्रकार दिशाच उलटी करतो: दुकानदाराचा फोन गिऱ्हाइकाच्या कार्डातून मजकूर वाचून पैसे ओढून घेतो. त्यातली चिप दर टेकवणीला नवा सांकेतिक आकडा देते, त्यामुळे जुना मजकूर चोरून उपयोग नसतो. पण कोणी नकळत पाकिटाला यंत्र लावले तर? म्हणून कार्डावर रकमेची मर्यादा घालणे अटळ असते.

एल साल्वाडोरमधल्या एल झोंटे या किनारी गावात २०१९ पासून बिटकॉइनचे रोजचे व्यवहार रुजवण्याचा प्रयत्न सुरू झाला. ७ सप्टेंबर २०२१ पासून त्या देशात बिटकॉइन कायदेशीर चलन झाले. २०२५ च्या दुरुस्तीने दुकानदारांवरची ते स्वीकारण्याची सक्ती उठली.

भारतात बिटकॉइन कायदेशीर चलन नाही. बँकांनी अशा व्यवहारांना सेवा देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मुंबईसह चार शहरांत १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेला किरकोळ ई-रुपया पुढे यूपीआयच्याच क्यूआरवर चालू लागला, पण तो रिझर्व्ह बँकेचा पैसा आहे, कूटचलन नव्हे. कर हा इथला मोठा अडसर. बिटकॉइन देऊन चहा घेतला तर तो बिटकॉइन हस्तांतरित केला असे धरले जाते. एप्रिल २०२२ पासून त्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, आणि जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढे एक टक्का उद्गम करकपातही (टीडीएस) आली. त्यामुळे प्रत्येक कपागणिक तो बिटकॉइन कधी, किती रुपयांना घेतला होता याची नोंद गिऱ्हाइकाला ठेवावी लागते.