खाडीच्या गाळातले जड धातू: नमुना आणण्यापूर्वी वाचा

आमच्या प्रयोगशाळेत गाळ येतो तो बहुतेक कोळंबी प्रकल्पवाल्यांकडून, जेट्टीचं ड्रेजिंग घेतलेल्या ठेकेदारांकडून आणि पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागारांकडून. पहिला प्रश्न ठरलेला असतो: तांबं किती निघालं? नुसत्या त्या आकड्यावर प्रदूषण ठरत नाही. गाळ कुठल्या खडकाचा, त्यात वाळू किती नि चिकणमाती किती, हे कळेपर्यंत आकडा अर्धवटच.

नमुना घेताना

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा वरचा २ सें.मी. थर प्लास्टिकच्या चमच्याने उचला. घमेलं, फावडं, गॅल्व्हनाइज्ड बादली वापरू नका. बादलीतलं जस्त सरळ नमुन्यात उतरतं. होडीतून ग्रॅब (दोरीने सोडायचा, तळाचा गाळ जबड्यात पकडणारा डबा) टाकत असाल तर पत्र्याला टेकलेला गाळ सोडून मधला घ्या. ग्रॅब वर येताना पाणी गळत असेल तर जबड्यात शिंपला किंवा खडा अडकलाय असं समजा. अशा वेळी सगळ्यात बारीक वरचा थर, म्हणजे धातू जिथे जास्त असतात तोच, वाहून गेलेला असतो. तो नमुना टाकून द्या, पुन्हा घ्या.

बांधलेल्या होड्यांपासून लांब राहा (धक्क्याचाच गाळ तपासायचा असेल तर गोष्ट वेगळी). गंज लागू नये म्हणून तळाला बसवलेले जस्ताचे ठोकळे आणि तळाचा तांबेयुक्त रंग आजूबाजूच्या गाळात उतरतात. हातमोजे बिनपावडरचे नायट्राइलचे घाला. हाताला झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावून नमुना हाताळू नका.

चिखल असेल तर अर्धा किलो पुरतो, वाळू असेल तर दोन किलो आणा. एका झिप पिशवीत दुसरी घाला आणि लेबल दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. आत टाकलेला कागद भिजून वाचता येत नाही. पाऱ्यासाठी काचेची बाटली आमच्याकडून न्या. ती १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून धुतलेली असते. नमुना बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास ठेवा. पाऱ्याची तपासणी २८ दिवसांत व्हायला हवी. आणि कृपया उन्हात वाळवून आणू नका. पारा उडतो, वरून रस्त्याची धूळ बसते.

काळा, कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा गाळ वेगळा सांभाळावा लागतो. त्यात बरेचसे धातू सल्फाइडच्या रूपात अडकलेले असतात. हवा लागली की सल्फाइड मोडतं आणि धातू सुटे होतात. उपसा करताना खाडीतही हेच घडतं. एकूण प्रमाणच हवं असेल तर याने फरक पडत नाही. ‘सुटं होण्यासारखं किती’ हे हवं असेल तर बाटली काठोकाठ भरून, हवा न ठेवता आणा आणि तसं आधी सांगा.

आकडा कसा वाचायचा

मुंबई, ठाणे, रायगडच्या खाड्यांत येणारा गाळ मुख्यतः दख्खनच्या बेसॉल्टचा. या खडकात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर असतं. बरेच अहवाल मात्र तुलना करतात ती जगभरच्या सरासरी शेलशी (चिकणमातीपासून बनलेला खडक), ज्यात तांबं ४५ मि.ग्रॅ./किलो धरलेलं आहे.

समजा, तुमच्या नमुन्यात तांबं १२० आणि ॲल्युमिनियम ८ टक्के निघालं. शेलशी (ॲल्युमिनियम ८ टक्के) तुलना केली तर समृद्धी गुणांक (नमुन्यातलं तांबं भागिले ॲल्युमिनियम हे गुणोत्तर, तुलनेच्या खडकातल्या किंवा गाळातल्या त्याच गुणोत्तराच्या किती पट) २.७ येतो, म्हणजे ‘प्रदूषित’. त्याच खाडीतल्या खोल, जुन्या थरात तांबं ११० आणि ॲल्युमिनियम ७.५ टक्के असेल तर त्या थराशी तुलना केल्यावर गुणांक येतो १.०२, म्हणजे काहीच वाढ नाही. म्हणून एक खोल गाभा (नळी खुपसून काढलेला उभा, थर जसेच्या तसे असलेला नमुना) घ्याच, असा आमचा आग्रह असतो. सक्शन पंपाने रेती उपसलेली जागा त्यासाठी टाळा, तिथे थर एकमेकांत मिसळलेले असतात. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात आणि गोव्यात खडकच बदलतो, त्यामुळे मुंबईची पार्श्वभूमी (गाळातलं मुळातलं नैसर्गिक प्रमाण) तिथे लावू नये.

अमेरिकेच्या नोआ (समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या सरकारी) संस्थेची गाळासाठीची खालची मर्यादा, जिच्याखाली जीवांना अपाय क्वचितच होतो, तांब्याला ३४ आणि निकेलला २०.९ आहे. बेसॉल्टचा निर्मळ गाळही ती सहज ओलांडतो. शिसं (४६.७), पारा (०.१५) आणि कॅडमियम (१.२) यांचं तसं नाही. ते बेसॉल्टमध्ये फार थोडे असतात, तेव्हा हे वाढलेले दिसले तर वरच्या अंगाला कारखाना किंवा सांडपाण्याचा नाला आहे का ते पाहा.

अहवालात तपासून घ्या

आकडे कोरड्या वजनावर आहेत ना? चिखलात ६० टक्के पाणी असेल तर ओल्या वजनावरचा आकडा निम्म्याहून कमी दिसतो. शिवाय समुद्राच्या पाण्याचं मीठ वाळल्यावर गाळातच राहतं आणि कोरड्या वजनाच्या सुमारे ५ टक्के भरतं. मिठाची दुरुस्ती केली की नाही ते विचारा. आम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) सिलिकेट पूर्ण विरघळत नाही, त्यामुळे क्रोमियम आणि ॲल्युमिनियम कमी येतं. हायड्रोफ्लोरिक आम्लाने केलेल्या तपासणीशी ते आकडे जुळणार नाहीत. जुना अहवाल असेल तर सोबत आणा, आम्ही तीच पद्धत वापरू.

दोन वर्षांची तुलना करायची असेल तर महिनाही तोच ठेवा. पावसाळ्यात नद्या नवा गाळ आणून टाकतात, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरचे नमुने शेजारी मांडण्यात अर्थ नाही. फॉर्मवर जागेचे अक्षांश-रेखांश, ओहोटीची वेळ, गाळाचा रंग आणि वास लिहायला विसरू नका.