सौरवादळाच्या रात्री मोबाइल बंद ठेवायचा का?

“आज रात्री साडेबारा ते साडेतीन सौरवादळाचे घातक किरण येणार, मोबाइल लांब ठेवा.” हा निरोप वर्षानुवर्षे फिरतोय. त्यात तारीख नसते, नुसतं ‘आज’. म्हणून तो शिळाही होत नाही.

सौरवादळं खरी असतात, त्यामुळे निरोप पटतो. पण सूर्यावरच्या स्फोटातले क्ष-किरण साधारण ८ मिनिटांत पोचतात, तेही दिवस असलेल्या बाजूलाच. रात्री आपल्या आड अख्खी पृथ्वी असते! दिवसाही ते वरच्या वातावरणातच शोषले जातात. तिथे आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर दाट होतो आणि शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) गिळतो. दूरची केंद्रं काही काळ मुकी होतात. मोबाइलच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झच्या, जवळच्या टॉवरपुरत्या. त्यांना आयनांबर लागतच नाही.

भारित कणांचा ढग मागाहून, बहुधा १ ते ३ दिवसांनी येतो. ध्रुवांकडे, १०० किलोमीटरच्या वर, त्यातूनच ऑक्सिजन हिरवा चमकतो. फोन चालू असला म्हणून हे कण खाली खेचले जात नाहीत.

पडताळायचं असेल तर इंटरनेटवर ‘केपी निर्देशांक’ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचं माप) बघा: ० ते ९, दर तीन तासांचा. ५ पासून वादळ.