नायजेरियाच्या दक्षिणेत तेलवाल्यांवर हल्ले करणारे बोको हराम नव्हे
आपल्याकडे रत्नागिरी-गुहागर साइडला कोणाचा पोरगा नायजेरियाच्या बाजूला जहाजावर जॉइन होतोय म्हटलं की कोणीतरी बोलतंच, अरे तिकडे बोको हरामवाले तेल कंपन्यांची माणसं उचलतात. कित्येक वर्षं हेच चाललंय. पण बोको हराम ही कट्टर इस्लामी संघटना देशाच्या पार ईशान्येला, बोर्नो राज्यात, आणि तेल दक्षिणेला समुद्राला लागून नायजर डेल्टात, मधे अख्खा देश पडलाय. डेल्टात २००६ पासून पाइपलाइनी फोडणारे, परदेशी कामगार पळवणारे ते मेंड, म्हणजे तिथलीच एक सशस्त्र संघटना, आणि त्यांचं भांडण धर्माचं नव्हतंच, १९५६ ला डेल्टातल्या ओलोइबिरीत तेल सापडलं, पैसा गेला राजधानीत नि कंपन्यांकडे, खाडीत राहिला तवंग, मासेमारी बसली, आता हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खंडणीसाठी अपहरणं पण झाली हां, सगळेच काही क्रांतिकारक नव्हते.

आणि लांब समुद्रात सेफ असतं म्हणतात तेही सोडा, जून २००८ मधे शेल कंपनीच्या समुद्रातल्या बोंगा तेलक्षेत्रावर मेंडचा हल्ला झाला तो किनाऱ्यापासून साधारण १२० किलोमीटरवर. २००९ ला सरकारने हत्यारबंद लोकांना माफी दिली, त्यानंतर बऱ्याच जणांनी हत्यारं टाकली, मेंड थंडावलं, पण २०१६ ला नायजर डेल्टा अ‍ॅव्हेंजर्स ही नवी सशस्त्र टोळी आलीच.