सगळे नरच निघाले? मादी बदलण्याआधी थर्मामीटर बघा
(ब्रीडिंगसाठी जोडी नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मे महिन्यात एपिस्टोग्रामाच्या (हा शोभेचा छोटा मासा, थोडक्यात एपिस्टो) जोडीने अंडी दिली, आईने पिल्लं नीट सांभाळली, तुम्ही वेळेवर आर्टेमिया (पिल्लांचं बारीक जिवंत खाद्य) घातलं. पावसाळा संपता संपता पिल्लांवर रंग चढला आणि बघता तर काय, जवळजवळ सगळे नर. ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते आणि बहुतेकांना संशय मादीचा असतो. मादीचा काहीच दोष नसतो. हा पाण्याच्या उष्णतेचा परिणाम आहे.

एपिस्टोमध्ये नर की मादी हे अंड्यातच पक्कं होत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण पहिला महिना-सव्वा महिना पिल्लू ज्या तापमानात वाढतं, त्यावर बरंच काही ठरतं. जर्मनीतले अभ्यासक रोमर आणि बाइझनहेर्त्झ यांनी १९९६ साली एपिस्टोच्या ३०हून अधिक जातींची पिल्लं २३, २६ आणि २९ अंश सेल्सियसला वाढवून पाहिली. बहुतेक जातींत गार पाण्यात माद्या जास्त निघाल्या, गरम पाण्यात नर. माशांत असं घडतं याचा पहिला ठोस पुरावा १९८१ साली अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या सिल्व्हरसाइड या छोट्या माशात मिळाला होता. तिथे हंगामाच्या सुरुवातीला, पाणी गार असताना जन्मलेली पिल्लं बहुतांशी माद्या होतात. त्यांना वाढायला जास्त दिवस मिळतात, आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. निसर्गाचा हा हिशेब आम्हाला फार आवडतो.

आत घडतं ते असं. पिल्लाच्या शरीरात ॲरोमॅटेझ नावाचं एक एन्झाइम असतं. ते नर-संप्रेरकाचं रूपांतर मादी-संप्रेरकात करतं. अनेक माशांत पाणी जास्त तापलं की या एन्झाइमचं काम मंदावतं, मादी-संप्रेरक कमी पडतं आणि अंडाशयाऐवजी वृषण तयार होतं. एकदा ते तयार झालं की नंतर पाणी गार करून उपयोग नाही. म्हणून जे करायचं ते पहिल्या महिन्यातच.

मुंबईच्या घरात काय करायचं?

उन्हाळ्यात आपल्या घरांत टँकचं पाणी हीटर नसतानाही सहज ३० अंशांवर जातं. पश्चिमेच्या भिंतीला किंवा पोटमाळ्यावर ठेवलेला टँक आणखी तापतो. आमचा सरळ सल्ला: एपिस्टोचं ब्रीडिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा आणि पिल्लांचं पाणी २६च्या आसपास ठेवा. आणि हो, थंडीत हीटर २८वर लावून ठेवायची सवय अनेकांना असते. पिल्लांच्या टँकमध्ये ती मोडा.

उन्हाळ्यातच अंडी आली तर टँक खाली, सावलीच्या बाजूला घ्या. एसीच्या खोलीत ठेवता आला तर उत्तम, पण एसी फक्त रात्री चालत असेल तर दिवसाचं तापमानही मोजा. पाण्यावर छोटा पंखा लावल्यानेही फरक पडतो, मात्र आपल्या दमट हवेत एक-दोन अंशांपेक्षा जास्त आशा धरू नका. उडालेलं पाणी रोज भरा. बर्फाच्या बाटल्या टाकू नका. तापमान झपकन खाली-वर होणं पिल्लांना झेपत नाही.

पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे, तेसुद्धा बघा. क्रिबेन्सिस या माशात आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघतात. देशी बदामाची पानं पाणी आम्लधर्मी करतात, त्यामुळे ती घालताना हात आखडता ठेवा.

गप्पीवाल्यांनी मात्र घाबरू नये. गप्पीत लिंग मुख्यतः एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं, तापमानावर नाही. स्वोर्डटेलमध्ये काही नर फार उशिरा शेपटीची तलवार काढतात. तोवर ते मादीसारखेच दिसतात, म्हणून माद्यांचे नर झाले असं वाटतं. गोल्डफिशमध्ये पिल्लांना जास्त उष्णता मिळाली तर नर वाढू शकतात.

रंगीत नर जास्त विकले जातात म्हणून कुणी मुद्दाम पाणी तापवतात. कृपया तसं करू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, पिल्लं मरतात, वाकड्या पाठीची निघतात. शिवाय काही माशांत उष्णतेने नर झालेला मासा मुळात गुणसूत्रांनी मादीच असतो. त्याला साध्या मादीशी जोडलं की पुढच्या पिढीत जवळजवळ सगळ्या माद्याच येतात, आणि तुमची लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या जोपासलेला वंश, दुसऱ्या टोकाला जाते.

पिल्लं पोहायला लागल्यापासून सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमारास तापमान वहीत लिहून ठेवा. अडचण आली तर ती वही आणि तुमचा थर्मामीटर दोन्ही दुकानात घेऊन या. थर्मामीटर आम्ही आमच्या थर्मामीटरशी ताडून देऊ, त्याचे पैसे लागत नाहीत.