सहा पंचावन्न ते साडेआठ: रेडिओवरच्या सकाळच्या बातम्यांमागचा इतिहास

सहा पंचावन्नला ‘इयम् आकाशवाणी’ म्हणत संस्कृत वार्ता, सातनंतर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, आठला हिंदी, मग इंग्रजी आणि साडेआठला दिल्लीहून मराठी. आमच्या घराची सकाळ या क्रमावर चालायची. संस्कृत लागलं की आई दूध तापत ठेवायची. पुण्याच्या वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज आला की माझ्या वेणीला रिबीन बांधून झालेली असायची. आठच्या आधी टिक्-टिक् सुरू झाली की वडील मनगटावरचं घड्याळ काढून काटा जुळवायचे, आणि शेवटचा लांब ठोका पडेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

ज्या आवाजावर घड्याळ लावलं, त्याच्या बातमीवरही आपण विश्वास ठेवला. तो विश्वास त्या माणसांनी कमावला होता, हे मी मनापासून मानते. पण आवाज मात्र सरकारच्या ताब्यातला होता, आणि ते कसं झालं हे समजून घ्यायला हवं.

सुरुवात खासगी होती. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र मुंबईत सुरू झालं, महिन्याभरानंतर कलकत्त्याचं. कंपनी तीन वर्षंही तगली नाही. 1930 मध्ये ती बुडाली आणि प्रक्षेपण सरकारनं आपल्याकडे घेतलं. जानेवारी 1936 मध्ये दिल्ली केंद्र सुरू झालं, त्याच महिन्याच्या 19 तारखेला तिथून पहिलं बातमीपत्र गेलं आणि जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. पुढे महायुद्ध पेटलं. ब्रिटिशांना आपली बाजू घरोघरी पोचवायची होती, म्हणून बातमीपत्रं वाढली, भाषा वाढल्या. देशी भाषांतल्या बातम्यांचा विस्तार युद्धाच्या प्रचारातून झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

या एका आवाजाला उत्तर मिळालं तेही मुंबईतूनच. ऑगस्ट 1942 मध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. 42.34 मीटर तरंगलांबीवर. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं जायचं. आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीत काय घडलं, तिथल्या बायकांवर काय अत्याचार झाले, हे छापायची सोय नव्हती. ती बातमी या रेडिओनं दिली. 12 नोव्हेंबरला गिरगावात छापा पडला आणि सगळं थांबलं. जेमतेम अडीच महिने. पण सरकारी बातमीत जे नाही ते ऐकायला लोक किती आसुसलेले असतात, हे त्या अडीच महिन्यांत दिसलं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाच्या वाट्याला सहा केंद्रं आली. मग 1948 मध्ये नागपूर, 1953 मध्ये पुणे, असं जाळं पसरत गेलं. बातमीची व्यवस्था मात्र तीच राहिली. दिल्लीच्या मुख्य वृत्तकक्षात इंग्रजी मजकूर तयार व्हायचा आणि तिथेच बसलेले मराठी, तमिळ, बंगाली अनुवादक तो आपापल्या भाषेत आणायचे. साडेआठचं मराठी बातमीपत्र हे असं तयार व्हायचं. दहा मिनिटं, सुरुवातीला ठळक बातम्या आणि शेवटी त्याच पुन्हा एकदा. हाताशी वेळ कमी, वाक्य एका श्वासात म्हणता यायला हवं, आणि जळगावच्या शेतकऱ्याला व गिरणगावातल्या कामगाराला सारखंच कळायला हवं. मराठीला सुटसुटीत, नेमकं बातमीचं वाक्य देण्यात या निनावी अनुवादकांचा वाटा फार मोठा आहे. त्यांची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

26 जून 1975 ची सकाळ. आदल्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडलेली, त्यामुळे अनेक वर्तमानपत्रं निघालीच नाहीत. इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या: राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. देशाला बातमी कळली ती रेडिओवरून, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याच तोंडून. पडताळून पाहायला दुसरं काही हाताशी नव्हतं. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींची हत्या झाली ती सकाळी. बीबीसीनं ती बातमी दिवसाच सांगितली. बंगालमध्ये प्रचारात असलेले राजीव गांधीसुद्धा खात्री करून घ्यायला ट्रान्झिस्टरवर बीबीसीच लावत होते. आकाशवाणीनं अधिकृतपणे सांगितलं ते संध्याकाळी.

आणीबाणीनंतर पत्रकार बी. जी. वर्गीज यांच्या समितीनं आकाशवाणी-दूरदर्शनला सरकारपासून वेगळं करा, असं सुचवलं. त्यानंतर कायदा व्हायला 1990 उजाडलं आणि दोन्ही चालवणारी प्रसार भारती ही स्वायत्त संस्था प्रत्यक्षात यायला 1997. मधल्या काळात, 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. एफएमवर खासगी वाहिन्या आल्या, गाणी आली, जाहिराती आल्या. बातम्या नाही आल्या. खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढंच. टीव्हीवर चोवीस तास बातम्या दाखवायला मुभा आहे आणि रेडिओवर दहा मिनिटांनाही नाही, याचं पटणारं कारण मी अजून ऐकलेलं नाही.

त्यामुळेच जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांच्या पोटात गोळा आला. पुण्याची सकाळची बातमी गेली असती, तर तिच्या जागी ती देणारं रेडिओवर दुसरं कुणी नव्हतं. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी सगळ्यांनी आवाज उठवला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. ‘आकाशवाणी पुणे’ म्हणून सकाळच्या बातम्या पुण्यातूनच लागत राहिल्या.