बंपर, अनियमित आकाराच्या स्पर्धा-रोबॉटचे

फर्स्ट रोबॉटिक्स काँपिटिशन (एफआरसी) या शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत रोबॉटच्या चौकटीभोवती बसवायचे, धक्का शोषणारे व काढता-घालता येणारे आवरण. स्पर्धा १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात सुरू झाली. मुंबईतील संघांनीही तीत भाग घेतला आहे.

प्रारंभीच्या वर्षांत बंपर नव्हते. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते ऐच्छिक म्हणून आले व २००८ च्या सुमारास सक्तीचे झाले, असे सामान्यतः मानले जाते. त्यांचा मूळ हेतू यंत्राचे रक्षण हा होता, असे एक मत; सर्व रोबॉटांची टक्कर एकाच उंचीवर व्हावी हा होता, असे दुसरे. बंपर जमिनीपासून ठराविक उंचीच्या पट्ट्यातच बसवण्याचे बंधन (अनेक वर्षे ७·५ इंचांपर्यंत) पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढील मापे २०१९ ते २०२४ या काळातील नियमांना धरून आहेत. २०२५ पासून नियमांची मांडणी बरीच बदलली. ३/४ इंच जाड व सुमारे ५ इंच उंच प्लायवूडची पट्टी, तिच्यावर २·५ इंच व्यासाच्या दोन पूल नूडल (पोहताना तरंगण्यासाठी वापरतात त्या फोमच्या लवचिक नळ्या) एकावर एक आणि वरून कॉर्डुरासारखे जाड, गुळगुळीत कापड, ही रचना सर्वपरिचित आहे.

आकार ठरतो तो चौकटीभोवती ताणून गुंडाळलेल्या दोरीने. दोरी खाचेत शिरत नाही. त्यामुळे इंग्रजी ‘यू’सारख्या चौकटीत पुढची मोकळी जागाही एक बाजू ठरते, तिच्या दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांपासून प्रत्येकी ६ इंच बंपर लागतो, खाचेच्या आतील भिंतींना मात्र लागत नाही. २८ इंच रुंदीच्या तोंडात त्यामुळे जास्तीत जास्त १६ इंच उघडे राहते. गफलत होते ती ‘यू’चे दोन बाहू अरुंद ठेवल्याने. बाहू ३ इंच रुंद असेल, तर बंपरचा निम्मा भाग अधांतरी राहतो. प्रत्येक पट्टीच्या टोकाला किमान अर्धा इंच आधार आवश्यक असल्याने तपासणीत असा बंपर नाकारला जातो, आणि तपासणीपूर्वीच्या सरावात पहिल्याच जोरदार धडकेत प्लायवूड मोडते. बाहू ६ इंच रुंद करणे किंवा तोंडावर आडवी पट्टी टाकणे, हे दोन उपाय. कोपरा छाटला की एकाचे दोन कोपरे होतात. ६ इंचांहून आखूड बाजू पूर्ण झाकावी लागते.

कोपऱ्यावर दोन प्लायवूड-पट्ट्या जुळाव्यात म्हणून त्यांची टोके तिरकी कापतात. या कापाचा कोन लगतच्या बाह्यकोनाच्या निम्मा असतो : षट्कोनास ३०°, अष्टकोनास २२·५°. समभुज त्रिकोणास तो ६०° येतो, पण बहुतेक टेबल-सॉची (टेबलात बसवलेल्या यांत्रिक गोल करवतीची) पाती ४५° पर्यंतच कलते. तेथे एक पट्टी सरळ कापून दुसरीला भिडवणे व उरलेली पाचर नूडलने भरणे श्रेयस्कर. कोपरा पोकळ राहिला, तर कापडाखाली लाकडाची धार लागते.

वर्तुळाकार चौकटीला नियमांनुसार अनंत कोपरे असतात. म्हणजे सबंध परिघ झाकावा लागतो. प्लायवूड वाकवण्यापेक्षा सरळ तुकड्यांची साखळी करणे बरे. १८ इंच त्रिज्येच्या चौकटीला ६ इंचांचा तुकडा मध्यावर टेकवला की टोकाशी जवळजवळ १/४ इंच फट पडते, ८ इंचांचा टेकवला की ०·४४ इंच. अर्थात टोकाला आधार हवाच, म्हणून दोन तुकड्यांच्या सांध्यावर पाचरीच्या आकाराचे ठोकळे चौकटीलाच पक्के करतात.

कापडाचे माप चौकटीवरून घेऊ नये. प्लायवूड व नूडल मिळून जाडी ३·२५ इंच होते. कोपरे गोलसर धरल्यास बाहेरची लांबी कोणत्याही बहिर्वक्र आकारात चौकटीपेक्षा २π × ३·२५, म्हणजे सुमारे २०·४ इंचांनी वाढते. १२० इंच परिमितीला, म्हणजे त्या काळच्या कमाल मर्यादेला, १४० इंचांहून थोडे अधिक कापड लागते, दुमड वेगळी. षट्कोनात प्लायवूडची बाहेरची कड प्रत्येक टोकाला ०·४३ इंच लांब ठेवावी लागते. कापड मधोमध स्टेपल करून टोकांकडे ताणत न्यावे. कोपऱ्यापासून सुरुवात केल्यास मध्यभागी सुरकुत्या साचतात व संघक्रमांकाचे आकडे वाकडे दिसतात.

आकडे किमान ४ इंच उंच, लाल किंवा निळ्या कापडावर पांढरे. रोबॉटभोवती फिरणाऱ्याला ते कोठूनही वाचता यावेत, म्हणून त्रिकोणी रोबॉटवर ते तिन्ही बाजूंना द्यावे लागतात. बंपर दोन व्यक्तींना पाच मिनिटांच्या आत काढता वा बसवता आला पाहिजे. बंपर चौकटीला जोडणारे टी-नट (लाकडात रुतवून बसवायचे नट) व बोल्ट प्रत्येक बाजूला काटकोनात असावेत : षट्कोनाचा अखंड वेढा वरून सरकवता येतो, पण वेगवेगळ्या दिशांच्या आडव्या बोल्टांवर तो एकाच वेळी बसत नाही. म्हणून वेढ्याचे दोन वा तीन भाग करतात.