वीजकेंद्रांतील फिटर आणि कंत्राटी ओव्हरहॉलिंग : पार्श्वभूमी

खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, तेव्हा वीजकेंद्रासाठी म्हणून वेगळा तयार केलेला कामगार नव्हता. फाइल, छिन्नी आणि स्क्रेपर हाताळणारी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत घडत होती. पुढे भिवपुरी (1922), भिरा (1927) आणि ठाकुर्लीजवळचे चोळा येथील रेल्वेचे औष्णिक वीजगृह (1929) ही केंद्रे आली. कारागीर प्रशिक्षणाची देशव्यापी योजना 1950 मध्ये आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 मध्ये आला. तोवर या कामाची शाळा म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालची उमेदवारीच होती. आयटीआयमुळे प्रमाणपत्र मिळू लागले आणि त्याबरोबर फिटर व इलेक्ट्रिशियन असे दोन स्वतंत्र ट्रेड कागदावर पक्के झाले. वीजकेंद्रांतही मेकॅनिकल मेंटेनन्स आणि इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हे विभाग तसेच वेगळे राहिले.

यंत्राच्या बाबतीत ही विभागणी फार काळ टिकत नाही. मोठ्या टर्बोजनरेटरच्या (टर्बाइनने फिरणाऱ्या जनरेटरच्या) शाफ्टमध्ये अल्प व्होल्टेज निर्माण होते. त्याला परतीची वाट मिळू नये म्हणून एक्सायटरच्या (जनरेटरला चुंबकीय क्षेत्रासाठी प्रवाह पुरवणाऱ्या यंत्राच्या) बाजूच्या बेअरिंगखाली इन्सुलेशनचा थर बसवतात, आणि त्या बेअरिंगला येणाऱ्या तेलाच्या पाइपांचे फ्लँज व बोल्टही इन्सुलेट करतात. बेअरिंग बसवणे, व्हाइट मेटलचे, म्हणजे बेअरिंगच्या मऊ अस्तराचे, ब्लू मॅचिंग (निळा रंग लावून स्पर्श कुठे होतो ते) पाहणे आणि क्लिअरन्स घेणे ही कामे मेकॅनिकलची, तर मेगर लावून इन्सुलेशनचा रोध मोजणे हे काम इलेक्ट्रिकलचे. पाइप पुन्हा जोडताना एखाद्या बोल्टचे इन्सुलेटिंग बुश बसवायचे राहिले, तरी डोळ्यांना काहीही दिसत नाही. संच (टर्बाइन आणि जनरेटर मिळून) चालू झाल्यावर मात्र तेलाच्या पातळ थरातून प्रवाह वाहू लागतो आणि व्हाइट मेटलवर बारीक खड्डे पडत जातात. त्यामुळे पाइप जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर असे दोन्ही वेळा रीडिंग घ्यावे, असा आग्रह जुने फिटर धरतात. तो आग्रह कोणत्याही एका ट्रेडच्या अभ्यासक्रमातून आलेला नाही.

राज्याच्या वीज मंडळाची स्थापना 1960 मध्ये झाली आणि 1962 पासून कोयनेची वीज मिळू लागली, तरी फिटरच्या कामाचे आजचे रूप ठरवले ते औष्णिक संचांनीच. सत्तरच्या दशकात कोराडीत 120 मेगावॅटचे संच आले. मग नाशिक, परळी, चंद्रपूर अशा ठिकाणी 210 मेगावॅटचा संच जणू प्रमाण ठरला. नव्वदच्या दशकात चंद्रपूरला 500 मेगावॅटचे आणि पुढे कोराडीत 660 मेगावॅटचे संच उभे राहिले. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या या टर्बाइनचे केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, उघडण्याआधी आतला रोटर बारिंग गिअरवर संथपणे फिरवत ठेवून टर्बाइन सावकाश थंड करावे लागते. केसिंगचे मोठे बोल्ट आतून हीटरने तापवून, लांब करून मगच सैल करता येतात. संच असा उघडून दुरुस्त करण्याच्या कामासाठी, म्हणजे ओव्हरहॉलिंगसाठी, क्रेन, जड यंत्रे उचलणारे खलाशी, वेल्डर, फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांची मोठी टोळी काही आठवडे रात्रंदिवस लागते, नंतर लागत नाही. 1923 च्या बॉयलर कायद्यापासून बॉयलरची तपासणी ठरावीक मुदतीत करून घ्यावी लागत असल्यामुळे ‘शटडाउन’ हे केंद्राच्या कॅलेंडरमधले ठरलेले पर्व झाले. कंत्राटदारामार्फत बाहेरची माणसे आणण्यामागचे पहिले कारण हेच होते, आणि ते कारण खोटे नव्हते.

वाद आहे तो त्यापुढच्या टप्प्याचा, म्हणजे ही कंत्राटी माणसे वर्षभर राबवण्याचा. कंत्राटी कामगारांचे नियमन आणि उच्चाटन करणारा कायदा 1970 मध्ये झाला; 2025 मध्ये 2020 च्या संहितेने त्याची जागा घेतली. त्याच्या कलम 10 प्रमाणे, एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत बंद करण्यापूर्वी सरकारने काही गोष्टी पाहायच्या असत. ते काम उद्योगाला आवश्यक आहे का, ते बारमाही आहे का, एरवी ते कायम कामगार करतात का, आणि पूर्ण वेळ माणसे लावण्याइतके ते आहे का, हे त्यातले मुख्य निकष होते. याच कायद्यात दुसऱ्या ठिकाणी, कायदा कोणत्या आस्थापनांना लागू नाही हे सांगताना, मागील बारा महिन्यांत 120 दिवसांपेक्षा जास्त चाललेले काम ‘अधूनमधूनचे’ धरू नये असे म्हटले होते. या दोन तरतुदींचा हेतू वेगळा असूनही वादात त्या नेहमी एकत्र ओढल्या जात.

वीजकेंद्रात ही गुंतागुंत फारच ठळक दिसते. एका संचाचे ओव्हरहॉलिंग महिनाभरात आटोपले, तर त्या संचापुरते ते अधूनमधूनचे काम ठरते. केंद्रात सात संच असतील, तर एकाचे संपता संपता दुसऱ्याचे सुरू होते. मधल्या काळात कोळसा दळणाऱ्या मिलचे रोलर, राखेच्या पंपांचे इम्पेलर आणि कन्व्हेअरचे गिअरबॉक्स यांची दुरुस्ती चालूच असते. व्यवस्थापन दिवस मोजते ते संचाचे, कामगार मोजतो ते गेटपासवरचे. कंत्राटदार बदलला तरी तोच फिटर त्याच मिलसमोर उभा असतो आणि फक्त पासवरचे नाव नवे असते. अशा कामाला तात्पुरते म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालाने, कंत्राटी पद्धत बंद झाली की ते कामगार मूळ मालकाचे, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत ते राबतात त्याचे, होतात, असा अर्थ लावला होता. पाच सदस्यांच्या घटनापीठाने 2001 मध्ये तो फिरवला. कंत्राटी पद्धत बंद करणारी अधिसूचना निघाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. कंत्राट हा केवळ देखावा आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले तरच ते मूळ मालकाचे ठरतात, अशी ती भूमिका होती. त्यानंतर 2003 चा वीज कायदा आला आणि 2005 मध्ये राज्याच्या मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीचा कारभार वेगळ्या कंपनीकडे गेला. वीजनिर्मितीचा प्रत्येक रुपया वीजदराच्या हिशेबात तपासला जाऊ लागल्यावर, निवृत्त झालेल्या तंत्रज्ञाच्या जागी भरती करण्यापेक्षा निविदा काढणे सोपे झाले. शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मूळ कायद्यातही नव्हते. 2014 च्या दुरुस्तीने त्याबाबतचे धोरण मालकाने ठरवावे एवढेच सांगितले. त्यामुळे केंद्रातच शिकलेली मुले त्याच केंद्रात कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दिसणे नवलाचे राहिले नाही.

2020 च्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेने ‘मूळ कामा’त (आस्थापना ज्यासाठी उभी आहे त्या कामात) कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली. मात्र त्याच व्याख्येत, अधूनमधून होणारे काम मूळ कामाचा भाग असले तरी ते वगळावे, अशीही नोंद केली. टर्बाइन उघडणाऱ्या फिटरचे काम या दोहोंपैकी कशात मोडते, हे दिवस संचागणिक मोजायचे की केंद्रागणिक, यावरच पुन्हा अवलंबून राहते.